युक्रेन: चौक रिकामा झाल्यावरही घरी न गेलेली माणसं

शिशिरपान

युक्रेनचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दोन मिनिटांत पुतिन, नाटो आणि अमेरिकेवर येऊन ठेपते. त्या देशातली माणसं त्या चर्चेत कुठेच नसतात. कीवच्या चौकातल्या प्रचंड गर्दीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला मात्र त्या गर्दीपेक्षा ती पांगल्यावरही घरी न गेलेली माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. त्यांच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढतोय. जरा लांबेल.

सुरुवात एका थिएटरपासून करतो. ४ सप्टेंबर १९६५, कीवमधलं 'युक्राइना' चित्रपटगृह, दिग्दर्शक पाराजानोवच्या नव्या चित्रपटाचा पहिला खेळ. त्याआधीच्या काही दिवसांत युक्रेनियन लेखक-विचारवंतांची गुपचूप धरपकड झाली होती आणि वर्तमानपत्रांत त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. समीक्षक इवान झ्यूबा मंचावर गेला आणि त्याने भरल्या सभागृहाला अटकांची बातमी सांगून टाकली. त्याचा आवाज दाबायला भोंगा लावला गेला. तेवढ्यात पत्रकार व्याचेस्लाव चोर्नोविलने ओरडून सांगितलं की जुलमाच्या विरोधात असतील त्यांनी उभं राहावं. काही उभे राहिले, बरेच बसून राहिले. उभं राहणाऱ्यांत वासिल स्तूस नावाचा तरुण कवी होता. साहित्य संस्थेतलं त्याचं संशोधन तिथेच संपलं. पुढे तुरुंग, हद्दपारी, पुन्हा तुरुंग. बरोबर वीस वर्षांनी, सप्टेंबर १९८५ मध्ये, पेर्मच्या श्रमछावणीत त्याचा मृत्यू झाला. तेव्हा गोर्बाचोव सत्तेवर येऊन काही महिने झाले होते.

नोव्हेंबर १९७६ मध्ये दहा जणांनी मिळून 'युक्रेनियन हेलसिंकी गट' काढला. सोव्हिएत सरकारने हेलसिंकीत मानवी हक्कांच्या करारावर सही केलीच आहे, तर ते तो पाळतं का याची नोंद आम्ही ठेवू, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला तुरुंग किंवा हद्दपारी भोगावी लागली. ओक्साना मेश्को या बाईंना पंचाहत्तरीत अटक झाली आणि थेट ओखोत्स्क समुद्राच्या काठावर पाठवून दिलं गेलं. सरकारने स्वतः दिलेला शब्द कागदावर धरून त्याच्यासमोर उभं राहायचं, ही रीत तिथल्या चळवळीने तेव्हापासून सोडलेली नाही.

चेर्नोबिलनंतर तर सामान्य लोकांचाही सरकारी शब्दावरचा विश्वास उडाला. २६ एप्रिल १९८६ ला स्फोट झाला, आणि १ मे रोजी कीवच्या ख्रेश्चातिक रस्त्यावर मुलाबाळांसकट कामगार दिनाचं संचलन नेहमीसारखं काढलं गेलं. त्यातून 'झेलेनी स्वित' ही पर्यावरणवादी संघटना उभी राहिली. जुलै १९८९ मध्ये दोन्बासच्या खाणकामगारांनी संप केला. त्यांच्या मागण्यांत साबणसुद्धा होता, कारण कोळशाने माखून वर आल्यावर अंग धुवायला साबण मिळत नव्हता. पूर्व युक्रेन नेहमी गप्प होता असं म्हणणाऱ्यांनी हा संप लक्षात ठेवावा. त्याच सप्टेंबरात 'रुख' ही लोकचळवळ स्थापन झाली, आणि २१ जानेवारी १९९० ला लाखो लोकांनी हातात हात धरून ल्विवपासून कीवपर्यंत साखळी केली.

मग विद्यार्थी. २ ऑक्टोबर १९९० ला कीव आणि ल्विवच्या विद्यार्थ्यांनी कीवच्या मुख्य चौकात, ग्रॅनाइटच्या फरशीवर तंबू ठोकले आणि उपोषण सुरू केलं. कपाळाला पांढऱ्या पट्ट्या. तेव्हा त्या चौकाचं नाव ऑक्टोबर क्रांती चौक होतं. आजचं मैदान ते हेच. पंतप्रधान मासोल यांचा राजीनामा, नव्या सोव्हिएत संघकरारावर सही नको, आमच्या मुलांनी लष्करी सेवा युक्रेनमध्येच करायची, कम्युनिस्ट पक्षाची मालमत्ता देशाच्या ताब्यात, नव्या निवडणुका, अशा मागण्या होत्या. १७ ऑक्टोबरला संसदेने ठराव केला, मासोल गेले. बाकीच्या बऱ्याच मागण्या पुढे विरून गेल्या. पण चौकात तंबू ठोकून सरकार हलवता येतं, हे एका अख्ख्या पिढीने पाहिलं.

यानंतरची चळवळ हरली, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. सप्टेंबर २००० मध्ये पत्रकार गिओर्गी गोंगाद्झे बेपत्ता झाला. त्याच वर्षी त्याने 'युक्रेन्स्का प्राव्दा' हे संकेतस्थळ सुरू केलं होतं. पुढे कीवबाहेरच्या जंगलात मुंडकं नसलेला मृतदेह सापडला. राष्ट्राध्यक्ष कुचमा यांच्या दालनात झालेलं ध्वनिमुद्रण विरोधी नेत्याने संसदेत उघड केलं आणि 'कुचमाविना युक्रेन' आंदोलन पेटलं. ९ मार्च २००१ ला पोलिसांशी चकमकी झाल्या, शेकडो जण पकडले गेले, आंदोलन मोडलं. त्यातून कार्यकर्ते दोन गोष्टी शिकले: एकही दगड उचलायचा नाही, आणि तयारी महिनोन्‌महिने आधी करायची. २००४ मध्ये हेच कामी आलं.

२००४ ची नारंगी क्रांती बहुतेकांना माहीत आहे. विरोधी उमेदवार युश्चेंको यांच्यावर विषप्रयोग, २१ नोव्हेंबरच्या मतदानातला घोटाळा, थंडीत भरलेला चौक, ३ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेली फेरी, २६ डिसेंबरचं फेरमतदान. मला त्यातली एक बाई कायम आठवते. नतालिया द्मित्रुक सरकारी वाहिनीवर कर्णबधिरांसाठी बातम्या खुणांच्या भाषेत सांगायच्या. २५ नोव्हेंबरला निवेदिका अधिकृत निकाल वाचत होती आणि पडद्याच्या कोपऱ्यातून द्मित्रुक हातांनी सांगत होत्या की हे खोटं आहे, यावर विश्वास ठेवू नका, आणि कदाचित मी तुम्हाला परत दिसणार नाही. स्टुडिओतल्या कुणालाही ते कळलं नाही. काही काळातच वाहिनीच्या पत्रकारांनीही खोट्या बातम्या द्यायला नकार दिला.

आणि मग लोक घरी गेले. आपला माणूस निवडून आला, आता तो बघेल. युश्चेंको आणि त्यांच्या पंतप्रधान तिमोशेंको यांचं भांडण वर्षभरात चव्हाट्यावर आलं, आणि २०१० मध्ये, ज्यांच्यासाठी २००४ चा घोटाळा झाला होता तेच यानुकोविच रीतसर मतदानातून राष्ट्राध्यक्ष झाले. २०१४ नंतर हे पुन्हा होऊ द्यायचं नाही असं जे ठरवलं गेलं, त्यात मला या देशाची सगळ्यात मोठी कमाई दिसते. २०१३-१४ च्या आंदोलनाबद्दल (चौकाच्या नावावरून त्यालाही 'मैदान'च म्हणतात; त्यात यानुकोविचना देश सोडून पळावं लागलं) मी मुद्दाम थोडक्यात लिहितोय, प्रतिसादांत बोलूच.

काळी_माती

मेहनतीने लिहिलं आहे, पण चित्र एकतर्फी वाटलं. २०१४ चं मैदान हे उत्स्फूर्त लोकांदोलन होतं हे मला पटत नाही. अमेरिकी अधिकारी नुलंड यांचं फोनवरचं संभाषण जगाने ऐकलं, पुढच्या सरकारात कोण असावं याची त्यात चर्चा होती. स्वयंसेवी संस्थांना पाश्चात्त्य पैसा मिळत होता. पोरोशेंकोंसारख्या अब्जाधीशाची वाहिनी दिवसरात्र मैदान दाखवत होती. 'प्राव्ही सेक्तोर'सारखे कडवे उजवे गट आघाडीवर होते. आणि २ मे २०१४ ला ओदेसात ४८ माणसं मेली, त्यातली बहुतेक कामगार संघटनांच्या इमारतीला लागलेल्या आगीत. ते मैदानविरोधी लोक होते. तेही युक्रेनचे नागरिकच. त्यांचा उल्लेख तुमच्या इतिहासात कुठे येणार?

शिशिरपान

यायलाच हवा. ओदेसाची जखम खरी आहे आणि तिथे पोलीस व अग्निशमन दल वेळेवर हललं नाही हेही खरं. त्या कुटुंबांना मिळायला हवा तसा न्याय मिळालेला नाही, आणि हे तिथल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांनीच सतत लावून धरलं आहे.

पैशाचं म्हणाल तर तो येत होता, उघडपणे येत होता. अमेरिकी अब्जाधीश सोरोस यांच्या पैशावर चालणारं रेनेसाँ प्रतिष्ठान तिथे १९९० पासून आहे. नुलंड यांचा फोन खरा. पण क्रम बघा. २१ नोव्हेंबर २०१३ ला सरकारने युरोपीय संघाबरोबरचा करार थांबवला. त्या रात्री पत्रकार मुस्तफा नय्येमने फेसबुकवर लिहिलं की साडेदहाला चौकात भेटू, गरम कपडे घाला, छत्र्या, चहा आणि मित्रांना घेऊन या. आठवड्याभरात ते आंदोलन थकत चाललं होतं. ३० नोव्हेंबरच्या पहाटे 'बेर्कुत' पोलिसांनी चौकात थांबलेल्या पोरांना बेदम मारलं. पोरं पळत चढावरच्या सेंट मायकल मठात शिरली, मठाने दार उघडलं आणि आत घेतलं. दुसऱ्या दिवशी लाखो लोक रस्त्यावर उतरले, आणि त्यांतल्या कित्येकांना युरोपशी होणाऱ्या कराराचं सोयरसुतक नव्हतं. आमच्या मुलांना का मारलं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. हे कुठल्याही दूतावासाला घडवता येत नाही.

१६ जानेवारी २०१४ चे कायदेही असेच. आंदोलनात हेल्मेट घालायला बंदी, पाचपेक्षा जास्त गाड्यांचा ताफा काढायला बंदी, परदेशी मदत घेणाऱ्या संस्थांवर 'परकीय हस्तक' असा शिक्का. तीन दिवसांनी लोक डोक्यावर पातेली आणि चाळण्या घालून चौकात आले. त्याच आठवड्यात ह्रुशेव्स्की रस्त्यावर पहिले बळी गेले. त्यांतला सेर्ही निगोयान आर्मेनियन वंशाचा आणि मिखाइलो झिझ्नेव्स्की बेलारूसचा. १८ ते २० फेब्रुवारीला तर इन्स्तितुत्स्का रस्त्यावर गोळीबारच झाला. एकूण शंभरावर माणसं गेली.

उजव्यांबद्दल: ते होते, धडाडीने लढलेही. पण मे २०१४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत प्राव्ही सेक्तोरच्या यारोश यांना एक टक्काही मतं मिळाली नाहीत, आणि ऑक्टोबरच्या संसदीय निवडणुकीत 'स्वोबोदा' हा दुसरा कडवा उजवा पक्ष पाच टक्क्यांची अट ओलांडू शकला नाही. लोकांनी त्यांना सत्ता दिली नाही.

दक्षिण_बुग

मी तेव्हा युक्रेनमधल्या विनित्सात एमबीबीएसच्या मधल्या वर्षात होते. महाराष्ट्रातले आम्ही बरेच जण होतो तिथे. परदेशी विद्यार्थ्यांनी हॉस्टेलबाहेर पडू नये अशी सूचना होती, त्यामुळे कीवचं मैदान मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण आमच्या हॉस्टेलच्या दाराशी बसणारी आजी होती, पास बघितल्याशिवाय आत न सोडणारी. तिच्या टेबलाखाली त्या हिवाळ्यात एक पोतं असायचं. लोकरीचे मोजे, लोणच्याच्या काकड्यांच्या बरण्या, कापडात गुंडाळलेलं सालो, म्हणजे डुकराची खारवलेली चरबी. शुक्रवारी संध्याकाळी तिचा भाचा येऊन ते पोतं कीवला न्यायचा आणि सोमवारी रिकामं आणून टाकायचा. त्याच्या जॅकेटला जळक्या टायरचा इतका उग्र वास यायचा की तो येऊन गेला हे आम्हाला जिन्यातच कळायचं. आजीला राजकारण विचारलं की ती हात झटकायची. पोरं थंडीत उभी आहेत, एवढंच म्हणायची.

२०२२ मध्ये माझा मामेभाऊ खार्किवला शिकत होता. भुयारी मेट्रो स्थानकात काढलेले दिवस, मग ल्विवपर्यंत गच्च भरलेली आगगाडी, मग पायपीट. पोलंडच्या सीमेआधीच्या गावांत बायका रस्त्याकडेला टेबलं मांडून चहा, सूप, पाव देत होत्या, कुणाचंही नाव-गाव न विचारता. सीमेवरच्या चौकीत मात्र भारतीय आणि आफ्रिकी मुलांना तासन्‌तास मागे ठेवलं, ढकललं, हेही त्याने भोगलं. दोन्ही एकाच देशात, एकाच दिवशी. मी दोन्ही सांगते, कारण एक लपवून दुसरं सांगितलं तर ते खोटं होईल.

निळावंती

दक्षिण_बुग, प्रतिसाद फार आवडला.

शिशिरपान, क्रिमियन तातार राहिले. माझ्या मते सोव्हिएत काळातली सगळ्यात चिवट अहिंसक चळवळ त्यांची. १८ मे १९४४ ला स्टालिनने अख्खा समाज गुरांच्या डब्यांत भरून मध्य आशियात हाकलला. त्यानंतर दशकानुदशकं अर्ज, सह्यांच्या मोहिमा, मॉस्कोला प्रतिनिधी पाठवणं, पकडलं तर पुन्हा पाठवणं. मुस्तफा जेमिलेव यांनी १९७५-७६ मध्ये तुरुंगात ३०३ दिवस उपोषण केलं. नळीने अन्न घालून त्यांना जिवंत ठेवलं गेलं. त्यांच्या पाठीशी जनरल पेत्रो ग्रिगोरेंको उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात लढलेला हा युक्रेनियन सेनानी. त्यांना वेडं ठरवून मनोरुग्णालयात डांबलं, आणि बाहेर आल्यावर ते हेलसिंकी गटाचे संस्थापक सदस्य झाले. तुमच्या कथेतले दोन धागे या एका माणसात जुळतात.

२६ फेब्रुवारी २०१४ ला सिंफेरोपोलमध्ये संसदेसमोर हजारो तातार युक्रेनचे झेंडे घेऊन उभे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे बिनखुणांच्या गणवेशातले सैनिक त्या इमारतीत शिरले. २०१६ मध्ये रशियाने त्यांच्या 'मेजलिस' या प्रातिनिधिक संस्थेवरच बंदी घातली. क्रिमियाने आनंदाने रशियाला मिठी मारली असं जे आपल्याकडे लिहिलं जातं, त्यात हे लोक कुणी मोजतच नाही.

वाटसरू_पूर्वेचा

मी निविदांच्या कामात आयुष्य घालवलंय, म्हणून मला 'घरी न गेलेल्या माणसांचं' एकच काम सर्वांत मोठं वाटतं: प्रोझोरो. मैदानानंतर काही स्वयंसेवक, प्रोग्रॅमर आणि व्यापारी यांनी सरकारी खरेदीसाठी ही प्रणाली बांधली, आणि २०१६ पासून ती सगळ्या सरकारी खात्यांना बंधनकारक झाली. काम असं चालतं: बोली लावणारे ऑनलाइन येतात, तीन फेऱ्यांत किंमत खाली आणतात, आणि लिलाव संपला की कोण आलं, किती बोली लावली, कागदपत्रं काय दिली, हे सगळं कुणालाही घरबसल्या बघता येतं. त्याच्या जोडीला 'दोझोरो' आहे, तिथे नागरिक संशयास्पद निविदेवर बोट ठेवतात. ज्याने कधी बंद पाकिटातल्या निविदा पाहिल्यात त्याला यातली ताकद कळेल.

युद्धात बराचसा लष्करी खर्च पडद्याआड गेला, तरी सवय गेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये पत्रकार युरी निकोलोव यांनी संरक्षण मंत्रालयाचं सैनिकांच्या जेवणाचं कंत्राट छापलं. त्यात एका अंड्याचा भाव १७ रिव्निया होता, कीवच्या दुकानात तेच अंडं सातच्या आसपास मिळत होतं. ऐन युद्धात हे छापावं का यावर तिथे मोठा वाद झाला. उपमंत्र्यांनी राजीनामा दिला, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात संरक्षणमंत्रीही गेले. माझ्या मते निकोलोव यांनी बरोबर केलं. अंड्यात खाल्लेला पैसा सैनिकाच्या ताटातलाच.

काळी_माती

शिशिरपान, मुद्देसूद उत्तर मिळालं. उजव्यांच्या मतांचे आकडे मान्य. पण एक प्रश्न उरतोच. नागरी संस्थांचं इतकं कौतुक करताना, जे काम सरकारने करायला हवं ते लोक वर्गणी काढून करताहेत, हे आपण गोड मानून घेतोय का? ड्रोन, गाड्या, रक्त थांबवायच्या पट्ट्या, सगळं वर्गणीतून. आणि जे आवाज उठवतात ते मारले जातात.

शिशिरपान

गोड नाहीच. २०१४ च्या वसंतात सैन्याकडे बुलेटप्रूफ जॅकेटंही पुरेशी नव्हती, म्हणून 'कम बॅक अलाइव्ह'सारखी प्रतिष्ठानं निघाली. त्यांचा जन्म सरकारच्या नाकर्तेपणातून झाला. जून २०२२ मध्ये लोकांनी बायराक्तार ड्रोनसाठी तीन दिवसांत सुमारे ६० कोटी रिव्निया जमवले. तुर्की कंपनीने ड्रोन फुकट दिले, आणि त्या पैशातून उपग्रहाची सेवा घेतली गेली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट, पण ज्या घरातून मुलगा आघाडीवर गेलाय त्याच घराने वर्गणीही भरायची, हा भार भयंकर आहे.

मारले जाणाऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, आणि ते मारेकरी बाहेरचे नव्हते. खेर्सोनच्या कात्या हांझ्युक महापालिकेत काम करायच्या आणि स्थानिक भ्रष्टाचाराबद्दल नावं घेऊन बोलायच्या. जुलै २०१८ मध्ये घराबाहेर त्यांच्यावर ॲसिड ओतलं गेलं. तीन महिने त्या तशा अवस्थेतही बोलत राहिल्या, ४ नोव्हेंबरला गेल्या. "कात्याला मारायला कुणी सांगितलं?" हा प्रश्न घेऊन त्यांच्या मित्रमंडळींनी पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे सुपारी देणाऱ्यांपर्यंत खटला पोचला.

आणि रोमान रातुश्नी. ३० नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे चौकात मार खाल्लेल्यांत तो सोळा वर्षांचा पोरगा होता. पुढे त्याने कीवमधली प्रोतासिव यार ही हिरवी टेकडी बिल्डरांपासून वाचवायला संघटना काढली, धमक्या आल्या, न्यायालयात लढला. एका टेकडीसाठी इतकी वर्षं. युद्ध सुरू झाल्यावर सैन्यात गेला आणि जून २०२२ मध्ये इझ्युमजवळ मारला गेला. चोविसाव्या वर्षी. या मुलाबद्दल वाचताना मला फार वाईट वाटतं, अजूनही.

ओलेक्सांद्रा मात्विचुक यांच्या नागरी स्वातंत्र्य केंद्राला २०२२ चं शांततेचं नोबेल विभागून मिळालं, हे आपल्याकडे छापून आलं होतं. त्यांनी मैदानाच्या दिवसांत काढलेल्या 'युरोमैदान एसओएस'चं काम काय होतं? पकडलेल्या प्रत्येकासाठी रात्री-अपरात्री वकील पाठवायचा, आणि बेपत्ता माणसांची यादी ठेवायची. आज तीच मंडळी युद्धगुन्ह्यांच्या नोंदी ठेवताहेत. मेश्कोबाईंच्या गटाचंच काम.

निळावंती

युद्ध चालू असताना आंदोलन करता येतं का तिथे? लष्करी कायदा आहे ना?

शिशिरपान

कायद्याने मोठ्या सभांवर निर्बंध आहेत. तरी युद्धकैद्यांच्या आया-बायका शहराशहरांत फलक घेऊन रस्त्याकडेला उभ्या राहत आल्यात. आघाडीवरच्या सैनिकांना ठरावीक मुदतीनंतर घरी सोडा, या मागणीसाठीही कुटुंबं उतरली. आणि मार्च २०२२ मध्ये ताब्यात गेलेल्या खेर्सोनमध्ये तर नि:शस्त्र लोक रशियन लष्करी गाड्यांसमोर झेंडे घेऊन उभे राहिले होते.

पण सगळ्यात मोठी परीक्षा २०२५ च्या जुलैत झाली. २२ तारखेला संसदेने घाईघाईने २६३ मतांनी एक कायदा केला. भ्रष्टाचारविरोधी तपास संस्था 'नाबू' आणि तिच्या जोडीचं विशेष अभियोजक कार्यालय यांना त्याने महाअभियोक्त्याच्या मुठीत दिलं. झेलेन्स्कींनी त्याच दिवशी सही केली. त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाजवळ, इवान फ्रांको नाट्यगृहासमोरच्या चौकात, लोक जमले. बहुतेक विशी-पंचविशीतले, हातात पुठ्ठ्याचे फलक, खोके फाडून घाईत मार्करने लिहिलेले. रजेवर आलेले आणि पाय गमावलेले सैनिकही त्यांत होते. ल्विव, ओदेसा, द्निप्रोतही तेच. रात्री हवाई हल्ले व्हायचे आणि संध्याकाळी पोरं पुन्हा चौकात. गोळी नाही, लाठी नाही, एक दगडही नाही. ३१ जुलैला त्याच संसदेने ३३१ मतांनी त्या संस्थांची स्वायत्तता परत दिली.

काळी_माती, तुमच्या शंकेसाठी याच्या पुढचं सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच नाबूने अणुऊर्जा कंपनी एनेर्होआतोममधल्या सुमारे दहा कोटी डॉलरच्या लाचखोरीचं प्रकरण बाहेर काढलं. त्यात राष्ट्राध्यक्षांच्या जुन्या व्यवसायातला भागीदार अडकला, दोन मंत्र्यांची पदं गेली, आणि तपास अधिकारी घरी झडतीला गेले त्याच दिवशी, २८ नोव्हेंबरला, झेलेन्स्कींचे उजवे हात येर्माक यांनी राजीनामा दिला. जुलैत पुठ्ठे घेऊन पोरं चौकात उतरली नसती, तर ही झडती घ्यायला नाबूकडे अधिकारच उरला नसता.